छाप्याला जाऊ नका, आधी संडेस्कूलचं हजेरीपुस्तक उघडा

जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावातली तुमची मंडळी, म्हणजे चर्च, दीडशेच्या आसपास घरं. तरुण संघाने मुलांच्या तस्करीविरुद्ध काम करायचं ठरवलंय आणि कापणीच्या सणाच्या दानार्पणातून ४० हजार रुपये बाजूला काढलेत. काहींना पुण्यात बुधवार पेठेत पोलिसांबरोबर छाप्याला जायचंय, काहींना मंडळीच्या जागेत अनाथाश्रम काढायचाय. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीतले ज्येष्ठ म्हणतात की हे पोलिसांचं काम, आपण प्रार्थना करावी. आणि शेवटी तुम्ही विचारता, देवाने आम्हाला नेमकं कशासाठी बोलावलंय?

बोलावणं आहे की नाही यावर फार खल करू नका. माणूस चोरून विकणाऱ्याला निर्गम २१:१६ मध्ये देहदंड सांगितलाय. १ तीमथ्य १ मध्ये माणसं पळवणाऱ्यांना खुनी आणि खोटी शपथ वाहणाऱ्यांच्या रांगेत बसवलंय. योएल ३:३ मध्ये तर द्राक्षारसासाठी मुलगी विकली, असा आरोप प्रत्यक्ष देवच करतो. ज्येष्ठांना एवढं पुरावं. खरी अडचण वेगळी आहे. तस्करी म्हटलं की आपल्याला बुधवार पेठ, कामाठीपुरा दिसतो. ते साखळीचं शेवटचं टोक. तुमचं गाव पहिल्या टोकाला आहे, जिथून मूल निघतं. दोन्ही टोकांची कामं वेगळी, लागणारी माणसं वेगळी, आणि शेवटच्या टोकाला हौशी माणूस बहुधा नुकसानच करतो.

म्हणून तरुण संघाच्या पहिल्या बैठकीत २ राजे ४:१-७ वाचा. संदेष्ट्यांच्या मंडळातल्या एका विधवेच्या दोन मुलांना सावकार दास करून न्यायला येतोय. घर परक्याचं नाही, देवाचं भय बाळगणाऱ्या माणसाचं आहे. संदेष्टा अलीशा सावकाराच्या मागे धावत नाही. तो विचारतो, घरात काय आहे? मग शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला लावतो, दार लावून तेल ओतायला सांगतो, तेल विकून कर्ज फेडायला आणि उरलेल्यावर मुलांसह जगायला सांगतो. मूल जाण्याआधी गाठलेलं कर्ज, हातभार लावणारी गल्ली, बंद दार आणि नंतरच्या पोटापाण्याची सोय. मंडळीच्या कामाचा जवळजवळ सगळा आराखडा या सात ओळींत आहे. बंद दाराकडे विशेष लक्ष द्या, त्याबद्दल पुढे बोलतो.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ (१ जुलै २०२४ पूर्वी हेच भारतीय दंड विधानाचं कलम ३७० होतं) सांगतं की शोषणासाठी माणसाला कामाला लावायला गोळा करणं, नेणं, ठेवून घेणं, दुसऱ्याच्या हवाली करणं किंवा ताब्यात घेणं, तेही धाक, फसवणूक, आमिष, किंवा ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याला पैसे देऊन, ही तस्करी. सीमा ओलांडावी लागत नाही, शेजारच्या तालुक्यात नेलं तरी पुरे. पीडिताची संमती होती का, हा प्रश्नच उरत नाही. मूल असेल तर किमान १० वर्षं सक्तमजुरी, एकाहून जास्त मुलं असतील तर किमान १४. आणि मूल म्हणजे १८ वर्षांखालचं, मुलगा असो वा मुलगी.

तुमच्या भागात हे कोणत्या रूपात येतं? २०२२ मध्ये उघड झालेलं प्रकरण आठवा. नाशिकच्या इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी पाड्यांवरची मुलं काही हजार रुपये आणि एखादी मेंढी यांच्या बदल्यात मेंढ्या राखायला दिली गेली होती, आणि ती नेली होती नगर जिल्ह्यातच. एका लहान मुलीच्या मृत्यूनंतर ते बाहेर आलं. म्हणजे तुमचा जिल्हा मुलं जाण्याचा आहे तसा मुलं येण्याचाही आहे. दुसरं रूप ऊसतोडीचं. आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला जातात, मुकादमाने आगाऊ दिलेली उचल फिटत नाही, मग मोठं मूल फडात जुंपलं जातं किंवा मुलीचं लग्न लवकर उरकलं जातं. तिसरं, लांबचं स्थळ. नवरा गुजरात, राजस्थान किंवा मध्य प्रदेशातला, सगळा खर्च मुलाकडचा, वर रोख रक्कम, मध्यस्थ ओळखीची बाई, पत्ता कोणालाच नीट माहीत नाही. चौथं, मुंबई-पुण्यात ‘घरकामाला, शाळेतही घालतील’ म्हणून नेलेली मुलगी. पाचवं मोबाइलवरून येतं, तिथे आधी प्रेम असतं आणि मग रेल्वेचं तिकीट. अनोळखी माणसाने तोंड दाबून गाडीत घातलेलं मूल त्या मानाने क्वचित. बहुतेक मुलं ओळखीच्या माणसाबरोबर, घरच्यांनी दिलेला डबा घेऊन जातात.

आता हजेरीपुस्तकाकडे. सरकारी खात्याकडे सहसा एकत्र नसतात अशा दोन गोष्टी मंडळीकडे आहेत: दर आठवड्याला मुलांची नावं पुकारणारी व्यवस्था, आणि घरात चहाला बसू शकणारा पाळक. संडेस्कूलमध्ये सलग तीन रविवार मूल आलं नाही तर चौथ्या रविवारच्या आत शिक्षिकेने घरी जायचं, हा एकच नियम आधी लावा. भेटीत विचारायचं साधंच: मूल कुठे आहे, कोणाबरोबर गेलं, शेवटचा फोन कधी आला, फोनवर ते स्वतः बोललं का. ‘मामाकडे आहे’ असं उत्तर आलं तर मामाचं गाव आणि नंबर घ्या, आणि मुलाला फोनवर बोलवायला सांगा. टाळाटाळ झाली, नंबर सारखा बंद लागला किंवा घरात अचानक नवा पैसा दिसला, तर पुढच्या पायरीवर जायचं. मंडळीबाहेरच्या वाडी-वस्तीवरच्या मुलांसाठी हीच नजर जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी आणि अंगणवाडीताईंच्या मदतीने ठेवता येते. गावात ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर असतेच. सरपंच तिचे अध्यक्ष असतात. शेवटची बैठक कधी झाली, हे लेखी विचारलं की पुष्कळदा ती जागी होते.

या कामाला ऋतू आहे आणि तो पाळला नाही तर मेहनत वाया जाते. मुकादम उचल वाटतात ती पावसाळ्यात, टोळ्या निघतात दसरा-दिवाळीच्या सुमारास. म्हणून कोणत्या घरातून कोण जाणार आणि मुलं कोणाकडे राहणार, याची यादी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच हवी. त्या यादीवरून शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहाची मागणी करता येते, म्हणजे मुलं आजी-आजोबांकडे राहून शाळेत जेवू शकतात. नोव्हेंबरात मागणी केली तर मुलं फडात पोचलेली असतात. जूनमध्ये शाळेत नाव टिकलं का ते पाहायचं. एप्रिल-मे लग्नसराईत बालविवाहावर लक्ष. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. मूल विकून किंवा फसवून लावलेलं लग्न २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या कलम १२ नुसार मुळातच रद्दबातल ठरतं, हे त्यांनाही कधीकधी सांगावं लागतं. तुमच्याच पाळकांपुढे असं लग्न आलं तर शाळेचा दाखला पाहिल्याशिवाय तारीख द्यायची नाही. आधारकार्ड जन्मतारखेचा पुरावा धरू नका, त्यावरची तारीख बदलून आणणं ही दलालांची पहिली युक्ती असते.

वयाच्या कागदाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण पुष्कळ केसेस इथे अडतात. सुटका झालेली मुलगी पढवल्याप्रमाणे ‘मी १९ वर्षांची’ म्हणते. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ नुसार वय ठरवताना आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला पाहतात, तो नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तर हाडांची वैद्यकीय चाचणी. चाचणीत वर्ष-दोन वर्षांचा फरक धरावा लागतो आणि आरोपीचा वकील नेमका तोच वापरतो. बाप्तिस्म्याचं रजिस्टर त्या यादीत नाही. पण जन्माची उशिरा नोंद करण्यासाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश मिळवताना जुन्या रजिस्टरमधली नोंद पूरक कागद म्हणून उपयोगी पडू शकते. म्हणून मंडळीतल्या ज्या मुलांचा जन्मदाखला नाही त्यांची यादी काढून ती कामं या वर्षात संपवा. कंटाळवाणं काम आहे, छायाचित्र निघण्यासारखं नाही, पण माझ्या मते तरुण संघ करू शकेल अशातलं सगळ्यात मोलाचं हेच.

कर्जाचा भाग अलीशाच्या गोष्टीइतका सरळ नाही. मूल अजून घरात आहे आणि सावकार दारात आहे, अशा वेळी घराला मदत जरूर करा: रेशनकार्ड, दवाखान्याचा खर्च, महिला मंडळाच्या बचत गटातून छोटं कर्ज. परवाना नसलेल्या सावकाराची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे होते. पण मूल एकदा मालकाकडे गेलं असेल, तर ते ‘सोडवून आणायला’ मालकाला एक रुपयाही देऊ नका. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम १९७६ च्या कलम ६ नुसार असं कर्ज संपलेलंच असतं आणि कलम ९ नुसार त्यापोटी पैसे घेणं हाच गुन्हा आहे. तुम्ही पैसे दिले की मालक दुसऱ्या घरातून दुसरं मूल आणतो, तुमच्या दानार्पणावर. त्याऐवजी प्रांताधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा, चौकशीनंतर वेठबिगारीतून सुटल्याचं मुक्ती प्रमाणपत्र मागा. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख, आणि तस्करी किंवा लैंगिक शोषणासारख्या टोकाच्या प्रकरणांत ३ लाखांपर्यंत मदत आहे. प्रमाणपत्राशिवाय यातलं काही हलत नाही. मूल आदिवासी असेल तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदाही लावायला सांगा. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही, त्यामुळे ख्रिस्ती आदिवासी कुटुंबालाही तो लागू आहे. दलित ख्रिस्ती कुटुंबांना अनुसूचित जातीचा दर्जाच नाही, त्यांचं काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

संशय पक्का झाला की काय करायचं? मूल आत्ता, या क्षणी धोक्यात असेल तर ११२. नाहीतर १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन, तो आता ११२ शी आणि जिल्ह्याच्या बाल संरक्षण यंत्रणेशी जोडलेला आहे. रेल्वेत असाल तर १३९. फोन केल्याची वेळ, उचलणाऱ्याचं नाव आणि मिळालेला नोंदणी क्रमांक वहीत लिहा. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, प्रतीवर पोच घ्या आणि एक प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला पाठवा. अर्जात काय हवं: मुलाचं नाव आणि घरात हाक मारायचं नाव, शाळा आणि इयत्ता, शेवटचं कधी-कुठे दिसलं, बरोबर कोण होतं, गाडीचा आणि फोनचा नंबर, पैशांचं बोलणं कोणी कोणाच्या तोंडून ऐकलं. ‘आम्हाला संशय आहे की मोठं रॅकेट आहे’ अशी वाक्यं नकोत. त्यांनी अर्ज वजनदार वाटतो, पण तपासाला धागा मिळत नाही.

मूल हरवलं असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१३ च्या आदेशानुसार पोलिसांनी गुन्हा नोंदवायचा असतो आणि अपहरण किंवा तस्करी झाली असं गृहीत धरून तपास करायचा असतो. ‘दोन दिवस थांबा, येईल परत’ हे उत्तर चालत नाही. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंध कक्षाकडे जायला हवा, ती तारीख तुम्ही लिहून ठेवा. आपल्या हद्दीत नाही म्हणून परत पाठवलं तर शून्य क्रमांकाने नोंद करायला सांगा, म्हणजे गुन्हा तिथेच नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवतात. तरी नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टाने, आणि मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. ठाण्यातल्या कोणाचे दलालाशी लागेबांधे आहेत असं गावात बोललं जात असेल, तर मात्र अर्ज आधी थेट अधीक्षक कार्यालयात द्या. हे ठिकाणावर अवलंबून आहे, इथून सांगता येणार नाही.

मुलाशी बोलायचं एकाच व्यक्तीने, एकदाच आणि थोडकं. पाळक, मग महिला मंडळाच्या अध्यक्ष, मग तरुण संघ असं प्रत्येकाने विचारलं की मुलाच्या सांगण्यात बारीक फरक पडतात आणि उलटतपासणीत तेच फरक वाचून दाखवले जातात. खोदून विचारू नका, ते जे म्हणालं ते त्याच्याच शब्दांत लिहा. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. पाळक, फादर, सिस्टर किंवा संडेस्कूल शिक्षिका यांना या कलमात सूट लिहिलेली नाही.

आता ते बंद दार. आपल्या मंडळ्यांत गुप्तता बहुधा प्रार्थनेतून फुटते. ‘अमक्याच्या मुलीसाठी प्रार्थना करा, तिला पुण्यातून सोडवलंय’ हा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर रात्रीत तीनशे लोकांकडे जातो. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. त्याहून वाईट म्हणजे दलालाला मूल कुठे आहे ते कळतं. ‘एका मुलासाठी’ एवढंच म्हणून प्रार्थना करा, देवाला पत्ता ठाऊक आहे. सुटलेल्या मुलीला व्यासपीठावर उभं करून साक्ष द्यायला लावणं हा दुसरा प्रकार. ती १८ ची झाली तरी खटला संपेपर्यंत हे करू नये. सभेत उत्साहाच्या भरात निघालेलं एखादं वाक्य रेकॉर्ड होतं आणि कोर्टात समोर येतं.

छाप्याबद्दल. बुधवार पेठेत तुम्ही गेलात तर काय होईल? दहा तरुण गल्लीत शिरले की अर्ध्या तासात खबर फुटते आणि मुली मागच्या जिन्याने हलवल्या जातात. ग्राहक बनून माहिती काढायला जाणाऱ्यावर उलटी तक्रार होते. १८८५ साली लंडनमध्ये डब्ल्यू. टी. स्टेड या ख्रिस्ती संपादकाने मुली किती सहज विकत मिळतात हे दाखवण्यासाठी पाच पौंडांत तेरा वर्षांची मुलगी ‘खरेदी’ केली. गदारोळ उठला, इंग्लंडमध्ये संमतीवय १३ वरून १६ झालं. पण मुलीच्या वडिलांची परवानगी नव्हती म्हणून अपहरणाच्या गुन्ह्यात स्टेडला स्वतःला तीन महिने तुरुंगवास झाला. मुक्तिफौजेचे (साल्व्हेशन आर्मी) ब्रॅमवेल बूथ यांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं, ते निर्दोष सुटले. (नगरच्या बूथ हॉस्पिटलला ज्या इव्हँजेलीन बूथ यांचं नाव आहे, त्यांचेच हे भाऊ.) हेतू चांगला असणं हा तेव्हाही बचाव नव्हता.

तरी छाप्यात मंडळीला एक खरी जागा आहे: पंच, म्हणजे झडतीचा साक्षीदार. अनैतिक मानवी व्यापार कायद्याच्या कलम १५ नुसार झडतीला दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी पंच लागतात आणि त्यांत किमान एक स्त्री असावी लागते. अशी स्त्री पोलिसांना ऐन वेळी मिळत नाही. निवृत्त शिक्षिका, नर्सबाई अशा दोघी-तिघींनी तुमच्याच तालुक्याच्या ठाण्यात नावं देऊन ठेवावीत. मात्र तीन-चार वर्षांनी कोर्टात साक्षीला यावं लागेल, हे समजून. लग्न होऊन परगावी जाणारी मुलगी किंवा बदलीची नोकरी असणारा तरुण पंच म्हणून देऊ नका. साक्षीच्या वेळी पंचच सापडत नाही, असंही घडतं.

सुटकेनंतर मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे मुलाच्या ताब्याचा आणि संरक्षणाचा आदेश देणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे हजर करायचं असतं. इथे नेहमी येणारा एक प्रसंग ओळखून ठेवा: ‘आईवडील’ म्हणून कोणीतरी कागद घेऊन ताबा मागायला येतात, वकील मात्र आरोपीचाच असतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००२ च्या प्रेरणा संस्थेच्या याचिकेत आरोपीच्या वकिलाने पीडित मुलीची बाजू मांडू नये आणि पालकांची खातरजमा झाल्याशिवाय ताबा देऊ नये, हे स्पष्ट केलंय. गावातलं घर खरं आहे का, ते सुरक्षित आहे का, तिला पाठवलं होतं कोणी, हे समितीला सांगू शकणारा माणूस म्हणजे पाळक. समितीने विचारलं तर खरं सांगा, बाप मंडळीचा पंच असला तरी.

यानंतरचा काळ लांब असतो आणि तिथे मंडळ्या गळतात. मूल परत आलं की पहिले तीन महिने सगळे विचारपूस करतात, सातव्या महिन्यात कोर्टाच्या तारखेला एसटीने जायला कोणी नसतं. पोक्सो नियम २०२० प्रमाणे समिती मुलासाठी सहाय्यक व्यक्ती, म्हणजे खटल्याच्या काळात त्याला साथ देणारं माणूस नेमू शकते. मंडळीत समाजकार्य शिकलेलं किंवा या कामाचा अनुभव असलेलं कोणी असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे नाव नोंदवा. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात मनोधैर्य योजनेची भरपाई विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळते, अर्ज कुठवर आलाय हे विचारत राहावं लागतं.

अनाथाश्रमाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, काढू नका. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली केडगावला आणल्या, मग आपण का नाही, असं कोणीतरी म्हणेलच. रमाबाईंनी त्यामागे उरलेलं आयुष्य घातलं, छापखाना आणि विणकामापर्यंत हाताला काम दिलं. शिवाय आज बाल कल्याण समितीच्या आदेशाशिवाय मूल ठेवून घेणं हाच गुन्ह्याचा धागा ठरू शकतो. बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ ची नोंदणी नसेल तर कलम ४२ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान १ लाख दंड. आणि आश्रमांतल्या पुष्कळ मुलांना आई किंवा बाप असतोच, नसतो तो पैसा. त्यासाठी महाराष्ट्रात बाल संगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये, मूल नातेवाइकांच्या घरीच राहतं. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात द्यायचा, आदेश समिती देते. शाळेचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पालकाचा मृत्युदाखला किंवा आजाराचे कागद आणि बँक खातं लागतं. मंडळीने दहा घरांचे असे अर्ज पूर्ण करून दिले तर दहा मुलं आश्रमात जाण्यापासून वाचतात. मंडळीचं जुनं बोर्डिंग चालू असेल, तर ते नोंदणीच्या कक्षेत येतं का, हे जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या.

बाहेर बोट दाखवण्याआधी आपलं अंगण. संडेस्कूल, शिबिर, बोर्डिंग इथे काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी, मुलाबरोबर बंद खोलीत एकटा प्रौढ नाही, तक्रार कोणाकडे करायची त्या दोन बायकांची नावं फळ्यावर. आरोप मंडळीतल्याच माणसावर आला की मत्तय १८:१५ काढून ‘आधी एकांतात समज द्या’ म्हटलं जातं. तो नियम भावाने भावाविरुद्ध केलेल्या अपराधाचा आहे. लहानग्याला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधायची गोष्ट त्याच अध्यायात, नऊ ओळी आधी आहे. क्षमा करायची की नाही हे त्या मुलाने मोठं झाल्यावर ठरवावं. पंच कमिटीने त्याच्या वतीने करू नये.

मुलांना शिबिराला किंवा शाळेला दुसऱ्या राज्यात नेत असाल तर हेही पाहा. मे २०२३ मध्ये बिहारहून पुणे-सांगलीच्या मदरशांत निघालेल्या ५९ मुलांना भुसावळ आणि मनमाडला गाडीतून उतरवलं गेलं, बरोबरच्या पाच जणांना तस्करीच्या आरोपाखाली अटक झाली आणि नंतर ते प्रकरण गैरसमजातून घडल्याचं सांगून बंद झालं. अल्पसंख्याक संस्थेच्या बाबतीत संशय लवकर येतो, हे धरून चाला. प्रत्येक मुलामागे पालकांचं सहीचं पत्र, त्यांचा चालू फोन, मुलाचं ओळखपत्र, मुक्कामाच्या संस्थेचं पत्र, परतीचं तिकीट, आणि मुलींबरोबर स्त्री. सुटका झालेल्या मुलांच्या मदतीला बाप्तिस्मा किंवा उपासनेला येण्याची अट जोडू नका, सुचवूही नका. ते मूल नुकतंच कोणाच्या तरी सौद्यातून सुटलंय.

विरोध होईल का? होईल. फिलिप्पैमध्ये पौलाने भविष्य सांगून धन्यांना मिळकत करून देणाऱ्या दासीला मुक्त केलं (प्रेषितांची कृत्ये १६) तेव्हा तिचे धनी धर्मासाठी चिडले नाहीत, मिळकत गेली म्हणून चिडले, पण अधिकाऱ्यांपुढे आरोप मात्र परक्या चालीरीतींचा केला. मुकादम गावातला, मध्यस्थ बाई कोणाची तरी नात्यातली, सावकार कदाचित वर्गणी देणारा. म्हणून तक्रारीवर एकट्या पाळकाची सही नको. शाळेचे गुरुजी, अंगणवाडीताई, दुसऱ्या समाजातला एखादा वजनदार माणूस अशा तीन-चार सह्या असू द्या.

४० हजारांचं मी असं करेन: १५ हजार प्रवासासाठी, म्हणजे नगरच्या समितीपुढच्या आणि कोर्टाच्या फेऱ्या, मुलाबरोबर एक माणूस धरून. १० हजार जन्मनोंदी, प्रतिज्ञापत्रं, दाखले. १० हजार जूनमध्ये गळतीच्या काठावरच्या मुलांच्या वह्या, गणवेश, पास यांसाठी. ५ हजार कपाटात रोख आणि एक पिशवी तयार: वेगवेगळ्या मापांचे कपडे, चपला, सॅनिटरी पॅड, टॉवेल. हिशोब महिला मंडळाकडे, तिथे तो बरा राहतो.

तुमच्या गावातून किती कोयते (ऊसतोडीच्या जोड्या) बाहेर जातात, कोणत्या भागात जातात आणि मेंढ्यांचे वाडे तुमच्या शिवारात कधी बसतात, एवढं कळवलंत तर पहिल्या सहा महिन्यांचं वेळापत्रक जास्त नेमकं सांगता येईल.